खाली बसलेली गाडी आणि टायरची आतली कड



गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा बडोद्याहून इंदूरला आमच्याकडे यायला निघाला. गाडी त्याची नवीच, आणि दोन महिन्यांपूर्वीच त्याने ती खाली घेतली होती. म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवल्या होत्या. गाडी रस्त्याच्या दोन इंच जवळ आली. दिसायला झकास, यात वाद नाही. दाहोदच्या अलीकडे पुढचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाक उतरवलं, आडवं टाकलं आणि आतल्या कडेवरून बोट फिरवत हातानेच खूण केली: हे बघा. बाहेरून पाहिलं तर नक्षी शाबूत, जेमतेम आठ हजार किलोमीटर चाललेलं टायर. आतल्या बाजूला मात्र बोटभर रुंदीचा पट्टा गुळगुळीत झाला होता आणि एका जागी रबरातून तार डोकावत होती. पंक्चरचा खिळा लागला नसता, तर हे टायर घाटात कधी फुटलं असतं ते सांगता येत नाही. मागे त्याची बायको आणि दोन वर्षांची मुलगी बसली होती.

घरी आल्यावर तो म्हणाला, "मामा, अलाइनमेंट केली होती हो. स्प्रिंगा बसवल्या त्याच संध्याकाळी केली." मी म्हटलं, अरे, तिथेच तर गोम आहे. पण त्या संध्याकाळकडे आपण शेवटी येऊ. कारण त्या झिजलेल्या बोटभर पट्ट्याला चांगला दोनेकशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की मेकॅनिक काय सांगतोय आणि काय सांगत नाहीये ते आपसूक कळतं.

व्हिडिओत मी दोन तळहात घेऊन कोन दाखवले होते. पुस्तकात ते दिसणार नाहीत, म्हणून तुम्हीच दोन्ही तळहात समोर धरा, अंगठे वर, तळवे एकमेकांकडे. ही पुढची दोन चाकं. आता हाताचा वरचा भाग एकमेकांकडे झुकवा. हा झाला कॅम्बर, आणि आत झुकलेला म्हणून ऋण कॅम्बर. हात परत सरळ करा आणि बोटांची टोकं एकमेकांपासून किंचित लांब न्या, मनगटं तिथेच ठेवा. पुढून चाकं उघडली. हा टो-आउट. टोकं जवळ आणली तर टो-इन. तिसरा एक कोन आहे, कॅस्टर, पण टायरच्या झिजेत त्याचा हात फारसा नसतो, त्याला आज सुट्टी.

यातला टायरखाऊ कोण? बहुतेक जण कॅम्बर म्हणतील, कारण तो डोळ्याला दिसतो. पण हिशेब करून बघा. चाक जाण्याच्या दिशेपेक्षा एका अंशाने तिरपं उभं असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते भूमितीने साडेसतरा मीटर आडवं ओढलं जातं. रबर लवचीक असतं, म्हणून त्यातलं काही ते पोटात घालतं, पण सगळं नाही. अर्धा अंश असेल तर पावणेनऊ मीटर. इंदूर ते बडोदा हे अंतर साडेतीनशे किलोमीटर धरा, म्हणजे तीन किलोमीटर तुम्ही टायर रस्त्यावर खरवडत नेलं. कॅम्बरमुळे टायर ओढलं जात नाही, त्याचा भार फक्त एका कडेवर येतो. कॅम्बर कुठे झिजणार ते ठरवतो, आणि किती झिजणार ते बहुतांशी टो ठरवतो. दोन्ही एकत्र आले, ऋण कॅम्बर आणि टो-आउट, की आतली कड संपलीच.

हे दोन कोन मोटारीने शोधलेले नाहीत. ते घोडागाडीकडून आले. जुन्या युरोपीय गाडीचं चाक नीट पाहिलंत तर ते सपाट नसतं. तुंब्यातून निघालेले आरे किंचित बाहेर झुकलेले असतात आणि चाक बशीसारखं खोलगट दिसतं. घोडा चालताना गाडीला डावी-उजवीकडे हिसके देतो, तो आडवा मार सपाट चाक फार दिवस सोसत नाही. बशीसारखं चाक सोसतं. पण मग खाली आलेला, भार घेणारा आरा तिरपा राहू नये, म्हणून सुतार-लोहार आसाची टोकं थोडी खाली वाकवत. झालं, चाक वरून बाहेर झुकलं. आजच्या भाषेत हा धन कॅम्बर.

आणि झुकलेलं चाक सरळ जात नाही. नाणं तिरपं करून टेबलावर सोडा, ते झुकलं त्या बाजूला वळतं. गाडीची दोन्ही चाकं बाहेर पळायला बघत, तुंबा आसाच्या टोकावरच्या खिळीवर घासत राही. त्यावर कारागिरांनी उपाय काढला तो असा की आसाची टोकं जराशी पुढेही वाकवायची, म्हणजे चाकं पुढून किंचित जवळ येतात. हा टो-इन. एका कोनाने केलेली खोड दुसऱ्या कोनाने मोडायची. पुस्तकातली भूमिती नव्हे ही, धाव एका बाजूने लवकर झिजते हे पाहून हाताने शोधलेली.

वळणाचा प्रश्न वेगळा होता. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या, म्हणून दोघांना वेगवेगळा कोन हवा. म्युनिकचा गाडीकारागीर गेओर्ग लांकेन्स्पर्गर याने ही युक्ती बसवली आणि लंडनमधल्या रुडॉल्फ आकरमानने १८१८ साली त्याच्या वतीने पेटंट घेतलं. नाव आकरमानचं राहिलं, कल्पना लांकेन्स्पर्गरची विसरली गेली. तसा चार्ल्स डार्विनचा आजोबा इरॅस्मस डार्विन त्याच्याही काही दशकं आधी तिथे पोचला होता, पण त्याने पेटंट घेतलं नाही. असो.

मोटार आली तेव्हा तिने घोडागाडीचा हा सगळा संसार उचलला. पुढे एक सलग आस, दोन टोकांना वळणारी चाकं, थोडा धन कॅम्बर, थोडा टो-इन. आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. सलग आसाच्या गाडीत दोन्ही चाकं एकाच लोखंडी दांड्यावर बसलेली असतात. स्प्रिंग दबली, गाडी खाली आली, तरी दांडा तसाच आडवा राहतो आणि चाकांचे कोन जवळजवळ हलत नाहीत. म्हणून त्या जमान्यात गाडी खाली घेणं टायरच्या दृष्टीने निरुपद्रवी होतं. अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्या पोरांनी जुन्या फोर्डच्या पुढच्या आसाची टोकं तापवून, ओढून वर चढवली. आसाचा मधला भाग खाली आला आणि गाडीचं नाक चार बोटं उतरलं. स्टिअरिंगचे दांडे वाकवून बसवावे लागत, एवढंच. हेन्री फोर्डच्या कंपनीने हा सलग आस थेट १९४८च्या मॉडेलपर्यंत सोडला नाही, त्यामुळे या पोरांना कच्चा माल भरपूर मिळाला.

पेच सुरू झाला तो दोन्ही चाकं सुटी केल्यावर.

१९२०च्या दशकात जाड, कमी हवेची बलून टायरं आली. प्रवास मऊ झाला, पण सलग आसाची पुढची चाकं ठराविक वेगाला थडथडायला लागली. स्टिअरिंग हातातून सुटावं इतकी. रोल्स-रॉइसमधून १९३० साली कॅडिलॅकमध्ये गेलेला मॉरिस ऑली हा इंग्रज इंजिनिअर या रोगाच्या मागे लागला. त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या कामातून १९३४च्या कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबीलला पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. प्रत्येक चाक आपापल्या दोन बाहूंवर, एक वर, एक खाली.

हे बाहू किती लांब ठेवायचे? इथे सगळी मेख आहे, म्हणून जरा थांबतो. दोन्ही बाहू समान लांबीचे आणि समांतर ठेवले, तर चाक वर-खाली होताना अगदी सरळ उभं राहतं. ऐकायला छान. पण बाहू वर्तुळात फिरतात, त्यामुळे चाक वर जाताना आत सरकतं, खाली येताना बाहेर. म्हणजे प्रत्येक खड्ड्याला टायर रस्त्यावर आडवं घासलं जाणार. हजारो खड्डे, हजारो घासे. म्हणून वरचा बाहू आखूड केला. आता चाक वर जाताना डोकं आत झुकवतं, पण त्याचा पाय, म्हणजे रस्त्यावर टेकलेला भाग, जवळपास जागच्या जागी राहतो. कॅम्बर थोडा बदलू दे, पण टायर घासू नको, असा तो सौदा आहे.

आणि हा सौदा एका विशिष्ट उंचीवर झालेला आहे. त्या उंचीच्या दोन-चार सेंटिमीटर वर-खाली तो पाळला जातो. स्टिअरिंगचा टाय रॉडसुद्धा त्याच उंचीला धरून लांब-आखूड केलेला असतो, म्हणजे चाक हलताना टाय रॉडचं टोक आणि बाहूंचं टोक एकाच कमानीत फिरावं. गाडी पाच सेंटिमीटर खाली बसवली, की चाक कायमचं खड्ड्यातून वर उडाल्याच्या अवस्थेत जाऊन बसतं. इंजिनिअरने जी स्थिती क्षणभरासाठी मान्य केली होती, ती तुम्ही कायमची करून टाकता. कॅम्बर ऋण होतो हे खरं, पण त्याहून वाईट म्हणजे टाय रॉड आणि बाहू यांच्या कमानी आता जुळत नाहीत आणि टो हलतो. बऱ्याच गाड्यांत तो बाहेरच्या दिशेने हलतो.

आता या सौद्याला सगळ्यांत मोठ्या थाटात धुडकावणारी माणसं कोण, तर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातली मेक्सिकन वंशाची पोरं. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक परतले, हातात थोडा पैसा आला, जुन्या शेव्हरोले स्वस्त होत्या. गोरी पोरं गाड्या हलक्या करून वेगाच्या मागे लागली होती. यांनी उलटं केलं. डिकीत वाळूची पोती टाकली, स्प्रिंगांचे वेढे कापले, गाडी जमिनीलगत आणली आणि रविवारी संध्याकाळी व्हिटियर बुलेव्हार्डवर चालण्याच्या वेगाने फिरवायला सुरुवात केली. खाली आणि सावकाश, हाच बाणा. लोकांनी बघावं म्हणून रंगवलेली, चमकवलेली गाडी घाईघाईत न्यायची कशाला? ज्या शहराने त्यांना मागच्या गल्लीत ठेवलं होतं, त्याच्या मुख्य रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं फिरणं, हे त्यात होतंच.

सरकारला ते रुचलं नाही. १९५८ साली कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम २४००८ लागू झालं. गाडीत फेरफार करून तिचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणायचा नाही. या नियमात तांत्रिक अर्थ नव्हता असं मी म्हणणार नाही. टायर फुटून गाडी रिमवर आली, तर त्याखाली आलेलं लोखंड रस्त्यावर आपटणारच. पण पोलिसांची मोजपट्टी कुणाच्या गाडीखाली जास्त वेळा सरकायची, हे त्या वस्तीतल्या कुणालाही विचारा.

त्यावर जे उत्तर निघालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत चतुर वाटतं. १९५९ साली रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटमध्ये विमानाच्या सुट्या भागांतले हायड्रॉलिक पंप आणि झडपा बसवल्या. बटण दाबलं की गाडी खाली, पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, कायद्याच्या उंचीला. पुढे १९५८ ते १९६४च्या इम्पाला गाड्या या खेळाच्या लाडक्या झाल्या.

आणि टायर? ज्या गाडीची उंचीच बटणावर बदलते तिची अलाइनमेंट कुठल्या उंचीवर करायची? एकाच उंचीवर ती बरोबर असू शकते. जाणते कारागीर गाडी जास्त वेळ ज्या उंचीवर चालते तिथे कोन लावत, आणि गाडी उचलल्यावर चाकांची डोकी आत पडू नयेत म्हणून वरचे बाहू कापून, जोड देऊन लांब करत. म्हणजे ऑलीने आखूड केलेला बाहू यांनी पुन्हा लांब केला. बाकी झीज त्यांनी मुकाट सोसली. आठवड्यात एकदा, पायी चालण्याच्या वेगाने, काही किलोमीटर. त्यांना ती परवडत होती. त्याच युक्त्या रोज ऐंशीच्या वेगाने दोनशे किलोमीटर जाणाऱ्याने उचलल्या तर काय होणार?

आता थोडं जर्मनीकडे, कारण आतल्या कडेचा सगळ्यांत भीषण नमुना तिथला आहे. फोक्सवागन बीटलच्या मागच्या चाकांना दोन बाहू नव्हतेच. गिअरबॉक्सपासून निघालेला अर्धा आस, त्याच्या टोकाला काटकोनात चाक. सांधा फक्त आतल्या टोकाला. एडमुंड रुम्प्लरने १९०३ साली या झुलत्या आसाचं पेटंट घेतलं होतं. स्वस्त, साधा, मजबूत. पण आस जितका झुकला तितकंच चाक झुकणार, मधे सौदा करायला कुणी नाही. हिशेब सोपा आहे: सांध्यापासून चाकापर्यंत ६० सेंटिमीटर धरले आणि गाडी ५ सेंटिमीटर खाली घेतली, तर चाक पावणेपाच अंशांनी झुकतं. दोन बाहूंच्या सस्पेन्शनमध्ये तेवढ्याच उतरणीला बहुधा एक-दीड अंश. बीटलवाली मंडळी मागचा टॉर्शन बार काढून एखाददुसरा दात फिरवून बसवत. या बारच्या आतल्या टोकाला ४० दात आणि बाहेरच्या टोकाला ४४, त्यामुळे एका टोकाला एक दात पुढे आणि दुसऱ्याला एक मागे असं केलं की फरक पडतो साधारण ०.८ अंशाचा. इतकी बारीक सोय कारखान्याने दिली होती ती गाडीची उंची नेमकी लावण्यासाठी. तिचा उपयोग गाडी जमिनीला टेकवण्यासाठी होईल, हे कारखान्याच्या डोक्यात नसावं.

गाडी खाली घेतल्यावर चाक आत झुकतं. पण झुलत्या आसाचा उलट धोकाही होता. जोरात वळताना मागचा भाग उचलला गेला तर चाक पोटाखाली दुमडलं जाई आणि गाडी एकदम फिरे. शेव्हरोले कॉर्व्हेअर १९६० साली असाच मागचा आस घेऊन आली. कंपनीने त्यावर उतारा म्हणून हवा वेगवेगळी ठेवायला सांगितली, पुढे १५ पौंड आणि मागे २६. पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोरगा चारही टायरांत सारखीच हवा मारणार, हे कुणालाही कळावं. १९६५ साली राल्फ नेडरने आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच गाडीवर लिहिलं. १९७२ साली सरकारी चाचणीत ती गाडी समकालीन गाड्यांपेक्षा वाईट ठरली नाही हेही सांगायला हवं, नाहीतर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. कॉर्व्हेअरचं मागचं सस्पेन्शन १९६५च्या मॉडेललाच बदललं गेलं होतं. बीटलचंही अमेरिकेसाठी १९६९च्या मॉडेलपासून बदललं.

दरम्यान अर्ल मॅकफर्सनने वरचा बाहूच काढून टाकला होता. शॉक अ‍ॅब्सॉर्बरलाच खांब बनवायचं, वरचं टोक बॉडीला, खालचं चाकाला, आणि खाली एकच बाहू. १९५०च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलपासून ही रचना जगभर पसरली. आपल्याकडे १९८३ला आलेल्या मारुती ८००च्या पुढच्या चाकांना हीच होती आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्यांना हीच असते. त्याआधीच्या आपल्या प्रीमियर पद्मिनीला, कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या, पुढे दोन बाहू होते.

मॅकफर्सनच्या रचनेत एक फसवी गोष्ट आहे. गाडी खाली घेतली की कॅम्बर सुरुवातीला थोडा ऋण होतो, पण खालचा बाहू एका मर्यादेपलीकडे वर गेला की चाक उलट पुन्हा बाहेर झुकायला लागतं. म्हणजे आपल्या बहुतेक गाड्यांत दोन इंच खाली घेतल्यावर पुढचा कॅम्बर फार बदलतच नाही. तरी आतली कड झिजते. का? टाय रॉडमुळे, टोमुळे. कॅम्बर सुटतो आणि टो पकडला जात नाही.

हा गैरसमज पक्का कसा झाला त्याचाही इतिहास आहे. होंडाने १९८७ साली आणलेल्या सिव्हिकला चारही चाकांवर दोन बाहूंचं सस्पेन्शन होतं, लहान गाडीसाठी ही चैनच. दक्षिण कॅलिफोर्नियात नव्वदच्या दशकात पोरांनी या गाड्या घाऊक प्रमाणात खाली घेतल्या. दोन आखूड-लांब बाहू, म्हणजे कॅम्बर नक्की ऋण होणार, मागची चाकं तर नजरेत भरतील इतकी झुकत. आतल्या कडा झिजल्या आणि लगेच बाजारात कॅम्बर बदलण्याचे सुटे संच आले. दुकानात विकायला वस्तू हवी असते. कॅम्बरचा संच विकता येतो. टो लावायला वस्तू लागत नाही, टाय रॉडचा नट सैल करून अर्धा आटा फिरवायचा असतो. मग कुठल्या कोनाची जास्त चर्चा होणार, तुम्हीच सांगा. पुष्कळांना संचाचे पैसे घालवल्यावर कळलं की टो नीट लावला तर दीड-दोन अंश ऋण कॅम्बरवरही टायर बऱ्यापैकी आयुष्य देतं. जपानमधल्या काही मंडळींनी तर पुढे चाकं इतकी तिरपी केली की टायरची फक्त कडच रस्त्याला टेकावी. ते शोभेचं काम, त्याबद्दल मला मत नाही. म्हणजे आहे, पण इथे नको.

आपल्याकडे या शौकाला दोन अडचणी पूर्वीपासून आहेत. एक रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा सांगितलाय. तुमच्या गल्लीतला कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसरी अडचण कायद्याची. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गंमत अशी की कॅलिफोर्निया याच सुमारास उलट दिशेने निघालं होतं. १९५८चं ते उंचीचं बंधन आणि रस्त्यांवर सावकाश फिरण्यावरच्या स्थानिक बंद्या २०२३मध्ये सही झालेल्या एका कायद्याने उठवल्या गेल्या. १ जानेवारी २०२४पासून खाली बसलेली इम्पाला तिथे अधिकृतपणे रस्त्यावर आली. जवळजवळ पासष्ट वर्षांनी.

तर भाच्याची ती संध्याकाळ. स्प्रिंगा बसवून लगेच अलाइनमेंट केली, हा पहिला घोळ. नव्या स्प्रिंगा शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर आणखी थोड्या बसतात. आज लावलेला कोन पुढच्या आठवड्यात वेगळा. दुसरा घोळ मला गाडीखाली वाकून पाहिल्यावर कळला. खालच्या बाहूंचे रबरी बुश गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळलेले होते. बुश आवळताना ज्या स्थितीत असतो ती त्याची विश्रांतीची स्थिती बनते. मग गाडी खाली उतरवली की रबर कायम पीळ घालून बसतं, गाडीला वर ढकलत राहतं आणि महिन्या-दोन महिन्यांत फाटतं. गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नव्या उंचीला, तो बोल्ट आवळायचा असतो. तिसरा घोळ कागदावर होता. त्याने जपून ठेवलेला छापील अहवाल पाहिला. त्या दुकानाने आधी टो लावला आणि मग जादा पैसे घेऊन खांब वाकवून कॅम्बर "सुधारला". कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून टो नेहमी शेवटी लावायचा. शेवटचा आकडा त्यांनी घेतलेलाच नव्हता.

इंदुरात आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याच्याकडे संगणक आहे, पण तो आधी जुनं काम करतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना सुतळी ताणतो, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतळीपर्यंत पट्टी लावतो. डाव्या चाकाच्या दोन मापांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला, बाहेरच्या बाजूला. मग संगणकाने आकडा दिला, जवळपास अर्धा अंश टो-आउट. कॅम्बर होता उणे एक. भाचा पडद्याकडे बघून म्हणाला, "पण मामा, कॅम्बर तर लाल दाखवत नाहीये."

मिस्त्री हसला. त्याने बुश सैल केले, गाडी दोनदा दाबून हलवली, चाकांवर उभी असतानाच पुन्हा आवळले, दोन्ही टाय रॉडचे नट सोडले. पाऊण तासाचं काम. पुढची दोन्ही टायरं नवी घ्यावी लागली ती वेगळी. स्प्रिंगा ठेवायच्या की मूळच्या परत बसवायच्या यावर घरात अजून खल चालू आहे. भाचीसून मूळच्या बसवा म्हणते. भाचा दर रविवारी चाक पूर्ण वळवून, वाकून, आतल्या कडेवरून बोट फिरवतो आणि मला फोटो पाठवतो.